कोयनाकाठची भातखाचरे : हातांनी घडविलेला वारसा

सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचे जे प्रकार नोंदविले जातात त्यांत जिरायत, बागायत, तरी आणि वरकस अशी नावे आढळतात. पैकी ‘तरी’ म्हणजे भाताची जमीन. कोयनानगरच्या परिसरातील कोणाही खातेदाराचा उतारा पाहावा. त्यावर तरीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये व आकार रुपयांत लिहिलेला सापडेल. परंतु ही जमीन आली कोठून, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. मैदानी मुलखात सपाट जमीन निसर्गानेच दिलेली असते. कोयनेच्या खोऱ्यात तशी ती फारशी नाही. येथे डोंगरउतारावर जी काही सपाट जागा दिसते ती बहुतांशी माणसाने दगडावर दगड रचून, मातीवर माती चढवून निर्माण केलेली आहे. सरकारदफ्तरी जिला आपण जमीन म्हणतो ती वस्तुतः बांधकाम आहे. ही एक गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढील विवेचन वाचकांस पटण्यास अडचण पडू नये.

कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून सह्याद्रीची मुख्य रांग व बामणोलीची रांग यांच्यामधून दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेस कराडकडे जाते. ह्या वळणाच्या आसपास वर्षाकाठी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या कराडास त्याचा सातवा-आठवा हिस्साही पाऊस लाभत नाही. असा पाऊस उघड्या उतारावर कोसळला तर जांभ्याची ती तांबडी माती किती वर्षे टिकेल? पूर्वजांनी ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात लिहून ठेवले नाही, डोंगरावर लिहून ठेवले. उताराला आडवी दगडी ताल घालावयाची, तिच्या पाठीमागे वरून वाहून येणारा गाळ अडवावयाचा, गाळ भरला की ताल आणखी एक हात उचलावयाची, आणि असे करीत दोन-चार पिढ्यांत अर्ध्या गुंठ्याचे अथवा दोन गुंठ्यांचे एक खाचर पदरात पाडून घ्यावयाचे, ही येथील रीत. पुष्कळ ठिकाणी तर ओहोळातच ताली घालून खाचरे उठविलेली आहेत. म्हणजे जी माती एरवी नदीत आणि आज शिवसागर जलाशयात गेली असती, तीच अडवून तिच्यात भात पिकविण्यात आला.

खाचराचे कार्य नीट समजून घेतले पाहिजे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते दहा हजार लिटर होते. एका एकराच्या खाचरांत एका वेळी चार लाख लिटर पाणी थांबते. हे पाणी थांबते कारण चिखलणीमुळे तळाशी मातीचा एक घट्ट थर बसलेला असतो. आणि जादा झालेले पाणी बांधाच्या एका ठरावीक जागी ठेवलेल्या मोरीतून खालच्या खाचरात उतरते, तेथून त्याच्या खालच्या, व शेवटी ओढ्यास मिळते. मोरी कोठे ठेवावी, तिचा उंबरा किती बोटे उंच असावा, तिच्याखाली पाणी पडून खड्डा होऊ नये म्हणून कोणता दगड आडवा टाकावा, ह्या गोष्टी गावोगावच्या जाणत्या मंडळींस ठाऊक असतात. पाणी कोणाच्या खाचरातून कोणाच्या खाचरात उतरावयाचे हेही परंपरेने ठरलेले असते. त्याचा करारनामा कोठेही नोंदविलेला नाही. तरीही तो मोडल्यास वर्षानुवर्षांचे वैर उत्पन्न होते, हे गावपातळीवर काम करणाऱ्या मंडळींस सांगावयास नको.

तालीची रचाई कोरडी असते, तिला चुना वा सिमेंट नसते. कित्येकांस हे मागासपणाचे लक्षण वाटते. मला ते शहाणपणाचे वाटते. इतक्या पावसात भिंतीच्या पाठीमागे जे पाणी साचते त्यास बाहेर पडण्यास सांध्यांतून वाट मिळाली नाही तर ते भिंतच ढकलून देते. पायाचा मोठा दगड कठीण मुरमात बसविणे, भिंतीचा कल किंचित डोंगराकडे ठेवणे, दगडांमधील पोकळीत चिपा ठोकणे आणि मातीच्या व भिंतीच्या मध्ये बारीक दगडांची भर घालणे, हे त्या रचाईचे नियम आहेत. आजच्या स्थापत्यशास्त्रातील निचऱ्याचे तत्त्वही याहून निराळे नाही. शिवाय हा मुलूख भूकंपाचा आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात येथे पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि लहानसहान धक्के आजही बसत असतात. एकजीव भिंत तडकली म्हणजे ती नव्याने बांधावी लागते. कोरडी ताल ढासळली तर त्याच दगडांनी ती पुन्हा उभी राहते.

आता ही खाचरे किती प्राचीन, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. अलीकडे कोणत्याही जुन्या गोष्टीचे वय हजारांत सांगण्याची चढाओढ लागलेली दिसते. आपण तीत उतरू नये. फिलिपीन्स देशातील इफुगाओ प्रांताची डोंगरी भातखाचरे जगात सर्वांत प्रसिद्ध आहेत. ती दोन हजार वर्षांची आहेत असे कित्येक दशके शाळेच्या पुस्तकांतून शिकविले गेले. पुढे तेथे उत्खनने झाली आणि त्यांपैकी निदान काही भागांतील ओली भातशेती गेल्या चारशे-पाचशे वर्षांतील असावी, असे मत पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी मांडले. त्यामुळे त्या खाचरांची थोरवी कमी झाली काय? मुळीच नाही. खाचराचे मोल ते कधी सुरू झाले यावर ठरत नाही. गेल्या पावसाळ्यात त्याची ताल कोणी उचलली आणि येत्या पावसाळ्यात कोण उचलणार, यावर ते ठरते.

इफुगाओची हकीकत आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. १९९५ साली ती खाचरे जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत घालावे लागले. शत्रूने हल्ला केला नव्हता की मोठे धरण बांधले गेले नव्हते. तरुण मंडळी शहरांकडे गेली, पाट नादुरुस्त झाले, आणि सुमारे पंचवीस ते तीस टक्के खाचरे ओस पडली. पुढे पाटांची व तालींची दुरुस्ती झाली, गावकऱ्यांचे जुने नियम पुन्हा मानले जाऊ लागले, तेव्हा कोठे २०१२ मध्ये ते नाव त्या यादीतून निघाले. किल्ल्याला कुलूप घातले तरी त्याचा बुरूज पुष्कळ वर्षे उभा राहतो. खाचराला कुलूप घातले तर ते उरत नाही.

त्याच २०१२ साली आपल्या पश्चिम घाटातील एकूण ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. त्यांत कोयना अभयारण्य, चांदोली, कास व राधानगरी ही महाराष्ट्रातील चार आहेत. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु तो मान वनांना, प्राण्यांना व दुर्मिळ वनस्पतींना मिळाला आहे. त्यांच्या कुशीत माणसांनी केलेल्या शेतीला तो मिळालेला नाही. ओडिशातील कोरापुटच्या पारंपरिक शेतीस राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषि संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. केरळातील समुद्रसपाटीखालच्या कुट्टनाड भातशेतीसही ती मिळाली. बाली बेटावरील भातखाचरे व त्यांची पाणीवाटपाची ‘सुबक’ नावाची पद्धती, तसेच चीनच्या युन्नान प्रांतातील हानी लोकांची खाचरे जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सह्याद्रीची खाचरे तितकी विशाल नाहीत, हे मोकळेपणाने कबूल करावे. छायाचित्रात ती इफुगाओसारखी दिसणार नाहीत. पण उतार, पाऊस, माती व माणूस यांचा मेळ घालण्याची जी विद्या तेथे आहे तीच येथेही आहे, आणि ह्या विद्येची दखल आपणच अद्याप घेतलेली नाही. परदेशी समितीने फलक लावावा म्हणून मी हे लिहीत नाही. फलकापूर्वी करावयाचे पुष्कळ काम आपल्याच हाती आहे.

खोऱ्याची आजची स्थिती काय आहे? नदीकाठच्या सखल भागातील खाचरे १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाच्या जलाशयात गेली. त्या धरणाच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले; त्याची किंमत ज्या कुटुंबांनी चुकविली त्यांतील कित्येक दूरच्या जिल्ह्यांत गेली आणि पाण्यात उभे राहून रोप लावण्याची कला तेथील कोरड्या मातीत निरुपयोगी ठरली. जे मागे राहिले त्यांच्या वाट्यास उंचावरची खाचरे व वरकस जमीन आली. पाटण व जावळीतील पुरुषमाणसे तर पूर्वापार मुंबईस माथाडी कामास जातच होती. आज खाचरात जी कंबर वाकलेली दिसते ती बहुधा घरातील वडीलधाऱ्या बाईची असते. १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वनाचे रक्षण झाले हे इष्टच, परंतु गवे व रानडुकरे यांना खाचराची व रानाची हद्द कळत नाही. लोंबीवर आलेले भात एका रात्रीत तुडविले गेले म्हणजे पुढील वर्षी ते खाचर लावावे की न लावावे, ह्याचा निर्णय शेतकरी फार विचार न करता घेतो.

इथेच खरा धोका आहे आणि तो शेजाऱ्याचा धोका आहे. सपाट मुलखात एकाने रान पड टाकले तर शेजारच्याच्या रानात तण वाढते, इतकेच. डोंगरावर तसे नाही. वरचे खाचर पड पडले की त्याची चिखलणी थांबते, तळाचा घट्ट थर उन्हाळ्यात भेगाळतो, खेकड्यांची बिळे बुजवावयास कोणी राहत नाही, मोरीत पालापाचोळा अडकतो. मग पाणी मोरीतून न जाता मन मानेल तेथून बांध फोडते आणि सारा लोंढा खालच्या खाचरावर येतो. खालचा शेतकरी कितीही कष्टाळू असो, वरची ताल त्याच्या मालकीची नाही. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचेही मन खचते. अशा रीतीने वरून खाली एकेक खाचर निकामी होत जाते आणि शेवटी पायऱ्यांच्या जागी घळ उरते.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील मिरगाव, आंबेघर व ढोकावळे येथे दरडी कोसळून जी प्राणहानी झाली तिचे स्मरण ह्या खोऱ्यात ताजे आहे. खाचरे राखली असती तर ती टळली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. तेवढा पाऊस तेवढ्या थोड्या अवधीत कोसळल्यावर घनदाट रानाचे डोंगरही सुटले. परंतु डोंगरावरील पाण्याला ठरलेली वाट असणे आणि नसणे ह्यांत अंतर आहे, एवढे तरी मान्य करावेच लागेल. ह्याची दुसरीही बाजू आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, त्यानंतर तीव्र उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाविषयी पुष्कळ चर्चा झाली. त्याच भागात ‘पडकई’ म्हणून खाचरे काढण्याची जुनी, सामुदायिक श्रमाची पद्धत आहे. माणसाच्या हाताने, दगड पाहून, एका हंगामात चार-दोन हात पुढे सरकणारे काम आणि एका दिवसात अर्धा डोंगर कापणारे यंत्र, यांस एकच नाव देणे योग्य नव्हे. माझे स्पष्ट मत असे की, ह्या खोऱ्यात तीव्र उतारावर यंत्राने नवी खाचरे काढण्यास कोणीही उत्तेजन देऊ नये. जी आहेत ती राखावीत. नवीन काढण्यापेक्षा जुने राखणे कमी खर्चाचे आहे. तथापि जुने राखण्याच्या कामाचे उद्घाटन करता येत नाही, ही त्यातील अडचण असावी.

यावर तरुण शेतकरी जे उत्तर देतात ते टाळून चालणार नाही. दहा गुंठ्यांच्या भातात घर चालत नाही, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. वारसा म्हणून कोणी उपाशी राहावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार पगारदार माणसास नाही. म्हणूनच खाचराचे उत्पन्न वाढविण्याचा विचार वारशाच्या विचारापासून वेगळा काढता येणार नाही. आजऱ्याच्या घनसाळ भातास व मुळशीच्या आंबेमोहोरास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचा तांदूळ आज नावाने विकला जातो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेल्या इंद्रायणीने घाटमाथ्यावर चांगले पाय रोवले आहेत. आपल्या खोऱ्यातील जुन्या वाणांपैकी जे अजून कोणाच्या कणगीत शिल्लक असतील त्यांचे बियाणे प्रथम गोळा झाले पाहिजे. भात निघाल्यावर ओलीवर वाटाणा, हरभरा, पावटा घेता येतो. बांधावर तूर लावता येते. सांगली जिल्ह्यातील शिराळ्याचे शेतकरी धूळवाफेवर भात पेरतात म्हणून कोयनाकाठीही तसेच करा, असा सल्ला मात्र कोणी देऊ नये. तेथील जमीन व पाऊस वेगळा आहे. येथे पेरलेले बी पहिल्याच मोठ्या सरीत खालच्या खाचरात जाऊन उगवेल.

जुने ते सर्वच राखावे, असाही माझा आग्रह नाही. राब भाजण्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडून कवळ करण्याची चाल आता सोडली पाहिजे. राबाने तणाचे बी जळते व रोपास राखेचे पोषण मिळते, हे खरे. परंतु त्यापायी खाचराच्या वरचेच रान उघडे पडते, आणि वरचे रान हेच खाचराच्या पाण्याचे मूळ आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. ना. के. सावंत यांनी पुरस्कारिलेली चारसूत्री पद्धत येथे उपयोगी पडते. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळावी, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीपूर्वी गाडावा, जोडओळीत नियंत्रित लावणी करावी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. ह्यांतील शेवटचे सूत्र तर जणू पायऱ्यांच्या शेतीसाठीच सांगितलेले आहे. उतरत्या खाचरांत फेकलेला युरिया पाण्याबरोबर खालच्या शेजाऱ्याकडे जातो, आणि गोळी जेथे खोचली तेथेच राहते. कुमरीची शेतीही गेली ते बरेच झाले. रान जाळून दोन वर्षे नाचणी घेणे आणि डोंगर उघडा टाकून पुढे जाणे ह्यास वारसा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे आता वळतो. गावच्या खाचरांचा एक साधा हातनकाशा तयार करावा. त्यात प्रत्येक ओहोळावरील खाचरे वरपासून खालपर्यंत क्रमाने दाखवावीत. कोणते लागवडीखाली, कोणते पड, कोणाची ताल फुटलेली, पाणी कोठून कोठे उतरते, हे लिहावे. सर्वे नंबरांच्या नकाशावर हे दिसत नाही, कारण नंबर जमिनीची मालकी दाखवितो, पाण्याची वाट दाखवीत नाही. हा नकाशा करताना गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांस बरोबर घ्यावे. पाण्याचा जुना क्रम त्यांच्याच स्मरणात आहे आणि त्यांच्यामागून तो विचारण्यास कोणी सापडणार नाही. मालक मुंबईस असेल तर त्याच्या संमतीने ते खाचर खालच्या शेतकऱ्यास लावावयास द्यावे. कूळ लागेल ह्या भीतीने कित्येक जण जमीन पड ठेवतात; अशा वेळी दोघांस समोरासमोर बसवून कायद्याची खरी स्थिती सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

रोजगार हमीसारख्या कामांत नव्या बांधबंदिस्तीस जसे स्थान मिळते तसे जुन्या तालींच्या दुरुस्तीस मिळाले पाहिजे, असे मला वाटते. कोरडवाहू मुलखातील समपातळी बांधाची मापे येथील दगडी तालीस लावणे मात्र व्यर्थ आहे. सोलापूरच्या बाजूस पाणी मुरविण्यासाठी बांध घालतात. येथे पाणी थोपवून मग शिस्तीने खाली सोडण्यासाठी घालतात. मजुरीचा दरही दगडाच्या रचाईचा असावा, मातीकामाचा नसावा. रचाई जाणणारे गवंडी आता प्रत्येक गावात एक-दोन उरले असतील. त्यांच्या हाताखाली दोन-तीन तरुण एक उन्हाळा काम करतील अशी व्यवस्था केल्याखेरीज ही दुरुस्ती पुढील पिढीत होणार नाही.

पैसा मिळेपर्यंत वाट पाहावी, असेही नाही. पैरा व इर्जिक हे शब्द ह्या भागात अद्याप सर्वांस कळतात. एका ओहोळावरील पाच-सहा कुटुंबांनी मिळून माघ-फाल्गुनात, भाताचे रान मोकळे असताना, सर्वांत वरच्या तालीपासून कामास आरंभ करावा. निखळलेले दगड खालून गोळा करून पायाशी आणावेत, मोऱ्या मोकळ्या कराव्यात, खेकड्यांची बिळे ओल्या चिकणमातीने ठासून बंद करावीत, बांधाच्या कडेने वाळ्याचे ठोंब जून उजाडताच लावण्यासाठी तयार ठेवावेत. वळवाच्या पहिल्या पावसात प्रत्येकाने आपापल्या मोरीपाशी उभे राहून पाणी कोठे उतरते ते पाहावे. जेथे ते वाट सोडते त्या ठिकाणी त्याच दिवशी दगड टाकावा, आषाढ लागल्यावर तेथे हात घालता येत नाही.